पॅसेजमधला रिकामा पाय

लेस्टरमध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या काकांनी माझा चेहरा नीट पाहिला तो माझा तिथला पहिला हिवाळा संपता संपता. तोवर ते मला पायांवरून ओळखत. दारात बूट काढून मी आत आलो की त्यांची नजर माझ्या घोट्यापाशी यायची आणि तिथेच मुक्काम करायची. "नायलॉन," ते म्हणायचे. आपण 'या, बसा' म्हणतो तितक्या सहज. मग वर्तमानपत्रात तोंड घालायचे. मुंबईची डिग्री घेऊन, आईवडिलांना विमानतळावर रडवून इथल्या हॉस्पिटलात रुजू झालेल्या डॉक्टरचं त्या घरात एवढंच वर्णन होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, एकमेकांना खांदे लावून उभ्या असलेल्या विटांच्या घरांपैकी ते एक घर. मला मिळाली ती बॉक्स-रूम. तिच्यात एक पलंग होता आणि पलंगावर मी होतो, तिसऱ्या वस्तूला जागा नव्हती. पण खोली बघायला आलो त्या दिवशी मी खोली बघितलीच नाही, कारण आधी पॅसेज लागला. पॅसेजच्या भिंतीवर, ओळीने, लहान मुलांचे पाय टांगलेले होते.

"घाबरू नकोस," काकू म्हणाल्या. "लाकडाचे आहेत. खरे मिळाले असते तर यांनी तेही आणले असते."

काका मुलांचे मोजे करणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. मोजा यंत्रातून बाहेर पडतो तेव्हा चुरगळलेला, वेडावाकडा असतो. तो पायाच्या आकाराच्या चपट्या फळीवर चढवून वाफेखाली बसवला की मग तो चारचौघांत जाण्यासारखा होतो. कारखान्यात धातूच्या फळ्या आल्या तेव्हा जुन्या लाकडी फळ्या भंगारात निघाल्या. शहाण्या कामगारांनी त्या जळणाला नेल्या. काकांनी त्या घरी आणल्या, घासल्या, तेल लावलं, भिंतीवर टांगल्या आणि त्यांच्यावर इतिहास चढवला.

युरोपातल्या मुलांच्या मोज्यांचा इतिहास. असा काही इतिहास असतो हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. पण त्या पॅसेजमधून गेल्याशिवाय स्वयंपाकघर, जिना किंवा न्हाणीघर यांतलं काहीच गाठता येत नसे. त्यामुळे आज सांगतो, या विषयावर मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं.

दाराजवळ मांडीपर्यंत जाणारे पांढरे मोजे, गुडघ्याशी संपणाऱ्या विजारींखाली घालायचे, श्रीमंतांच्या पोरांचे. त्यांच्यापुढे काळे लोकरी, व्हिक्टोरियाबाईंच्या अमदानीतले, ज्यांच्यावर मळ दिसत नाही हीच त्यांची नीतिमत्ता. मग जर्मनीकडचे तपकिरी, जाड विणीचे. ते वर राहावेत म्हणून मुलांना आतून एक बंडी घालावी लागे आणि बंडीला इलॅस्टिकचे पट्टे लोंबत. मुलग्यांनासुद्धा. "विचार करा, डॉक्टर," काका म्हणत, "ही पोरं मोठेपणी लढाया करणार नाहीत तर काय करतील?" मग इंग्लिश शाळांचे राखाडी, गुडघ्याखाली दुमडलेले, दुमडीवर शाळेच्या रंगाचे पट्टे. मग फ्रेंच आखूड. शेवटी घोट्याशी संपणारे पांढरे, वाढदिवसाच्या पार्टीला घालायचे.

"मांडी, गुडघा, पोटरी, घोटा," काका लाकडी फूटपट्टीने दाखवत जायचे. "काय दिसतं? मोजा खाली येतोय. आणि त्याच्याबरोबर काय काय खाली आलं ते बघा. साम्राज्य गेलं, राजे गेले, मोठ्यांचा धाक गेला." सगळा युरोप एका मोज्यात घसरवून झाला की ते ओळीतल्या शेवटच्या, जिन्याजवळच्या लाकडी पायापाशी थांबत. तो सगळ्यांत मोठ्या मापाचा होता, मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या पायाचा. आणि तो रिकामा होता.

"इथे काय?" एखादा पाहुणा भिडेखातर विचारायचा.

"घोट्याच्या खाली काय, ते अजून यायचंय," काका म्हणायचे, आणि चेहरा असा करायचे की पाहुण्याने घरी जाऊन दिवाबत्ती करावी.

त्या रिकाम्या पायासाठी मी एकदा उदार मनाने माझा मोजा देऊ केला होता. काकांनी तो चिमटीत धरून परत दिला. नायलॉनचं त्यांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. "पण भिंत मुलांची आहे, डॉक्टर. मोठ्या माणसाचा मोजा हिच्यावर चढणार नाही. तुम्ही पाय आतून बघता, तुम्हाला नाही कळायचं."

मराठी माणूस इंग्लंडात गेला तरी बूट घालून घरात शिरत नाही, ही आपली चांगली सवय. काकांनी तिचं हत्यार केलं होतं. लोक बूट काढून बेसावध उभे असत आणि काका त्यांची कुंडली मांडत. भोक पडलेला मोजा त्यांना चाले, कारण भोक म्हणजे गरिबी आणि गरिबी म्हणजे काही गुन्हा नाही. मोज्याची टाच फिरून पावलावर आलेली मात्र त्यांना सहन होत नसे. "ज्याला स्वतःची टाच जागेवर ठेवता येत नाही," ते मला आमच्या हॉस्पिटलातल्या एका कन्सल्टंटबद्दल म्हणाले होते, "त्याला तुम्ही लोकांची हृदयं उघडायला देता?" एकदा धर्मप्रचार करत दारोदार फिरणारे दोघे तरुण आमच्याकडे आले. काकांनी त्यांना प्रेमाने आत घेतलं, बूट काढायला लावले आणि पांढऱ्या मोज्यांपासून सुरुवात केली. ते दोघे नंतर गल्लीतल्या प्रत्येक घरी यायचे, फक्त आमचं दार सोडून जायचे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकांना एका वर्षी बोलायला दिलं, हा मंडळाच्या इतिहासातला एक धडा आहे. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, मुलांचं फॅन्सी ड्रेस झालेलं, मागे मसालेभाताचे डबे उघडलेले. दहा मिनिटं, असं सेक्रेटरींनी विनवून सांगितलं होतं. काका चादरीत बांधून लाकडी पाय घेऊन आले. "आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," त्यांनी सुरुवात केली. "ही म्हण ज्याने केली तो गरम देशातला होता. युरोपात पाळण्यात पाय दिसत नाहीत, मोजे दिसतात." इथे थोड्या टाळ्या पडल्या आणि घात झाला. काका जर्मन बंडीपर्यंत पोचले तेव्हा मसालेभात गार झाला होता. पहिल्या रांगेतला एक छोटा मावळा उठून म्हणाला, "आजोबा, माझा मोजा खाली गेली." काकांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं आणि पुरावा म्हणून सभेला दाखवला. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर एका बाईंनी विचारलं, "मार्केटपेक्षा स्वस्त मिळतात का हो तुमच्या फॅक्टरीत?"

काकांना एक मुलगी होती, मेधा. ती इथेच जन्मली, इथेच शिकली आणि लायब्ररीत नोकरीला होती. तिचं लहानपण या इतिहासात गेलं. वर्गातल्या मुली गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घालून यायच्या, आणि काकांनी हिच्यासाठी कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईकडून मांडीपर्यंतचे लोकरी मोजे विणून घेतले होते, वर बांधायच्या गार्टरच्या पट्ट्यांसकट. "आय वॉज द ओन्ली व्हिक्टोरियन चाइल्ड इन द होल स्कूल," ती मला म्हणाली. "आणि बाबाला वाटायचं मी लकी आहे."

बाबांना तसं का वाटायचं हे मला काकूंनी सांगितलं, एकदा मेथी निवडता निवडता. काकांचे वडील इचलकरंजीला मागावर बसत. घरात दिवसभर कापड निघायचं आणि पोरांच्या पायात चप्पलसुद्धा सणावारी यायची. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात काकांनी आयुष्यातला पहिला मोजा घातला आणि कितीतरी वेळ खाटेवर बसून पायाकडे बघत राहिले. "तेव्हापासून बघतच आहेत," काकू म्हणाल्या आणि काड्या उचलायला उठल्या.

मेधाचा एक मित्र होता. मार्टिन. लहान मुलांच्या शाळेत, अगदी खालच्या वर्गाला शिकवायचा. उंच, लाजरा, तांबूस केसांचा. मराठीत त्याला 'नमस्कार' आणि 'पुरे' एवढंच यायचं, आणि आमच्याकडच्या पाहुण्याला तेवढं पुरतं. त्याला स्कॉटलंडमध्ये नोकरी लागली होती आणि ईस्टरनंतर दोघांनी लग्न करून तिकडे जायचं ठरवलं होतं. वर्षभर ती ही गोष्ट बाबांच्या कानावर घालत होती. वर्षभर काका हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. मार्टिनचं नाव निघालं की काका फ्रान्सला जायचे.

"बाबा, मार्टिन विचारत होता की..."

"फ्रान्सची गंमत अशी, की तिथे भर थंडीतसुद्धा आखूड मोजे. पोटऱ्या उघड्या. का? कारण..."

मला त्या माणसाचा संताप यायचा. हुशार माणसाने भित्रेपणा करायचा ठरवला की तो किती विद्वान होतो, हे मी त्या घरात पाहिलं. मी काकूंना विचारलं, मुलगा इंग्रज आहे म्हणून का? "छे. इंग्रजाचा यांना कसला राग? इंग्रजाच्या मोज्यांवर तर संसार केला. पोरगी लांब जाईल ही भीती आहे. पण भीती वाटते असं साधं मराठीत सांगता येत नाही, म्हणून फ्रेंचांना मध्ये आणतात."

"नाही म्हणाले तरी मी जाणार," मेधा मला म्हणाली. आम्ही दोघं मागच्या दारात उभे होतो, आणि तिने हातातला चहा प्यायलाच नव्हता. "पण मग मी परत घरी कशी येऊ? दार तर उघडतील. बाबा काही दार बंद नाही करणार. ते फक्त बोलतील, मोज्यांवर. आयुष्यभर. आय कान्ट बेअर दॅट."

शेवटी काकूंनीच संक्रांतीच्या निमित्ताने मार्टिनला चहाला बोलावलं. काकांना विचारलं नाही, कळवलं. मग आठवडाभर माझी आणि मेधाची जी तयारी चालली, तेवढी मी माझ्या परीक्षेची केली नव्हती. तिळगूळ उजव्या हातात घ्यायचा. दुसरा लाडू नको म्हणायचा नाही, तिसरा म्हणायचा. बूट दारात काढायचे. आणि मोजे. मोज्यांसाठी आम्ही सबंध शनिवार बाजार पालथा घातला. नायलॉन नको, नक्षी नको, पांढरे तर नकोतच. अखेर गडद निळे, लोकरी, बारीक विणीचे मिळाले. मेधाने ते पिशवीत असे धरले होते, जसं काही दागिने.

एवढं सगळं शिकवलं, पण पॅसेजचं काय ते आम्ही मार्टिनला सांगितलंच नाही. आम्हाला तो पॅसेज आता दिसतच नव्हता. घरच्या भिंतीकडे कोण बघतं?

रविवारी तो आला तेव्हा काकू तळणीपाशी होत्या, मेधा वर साडीशी झगडत होती आणि दार मी उघडलं. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. मार्टिन पॅसेजमध्ये एकटा राहिला. त्याने बूट काढले. मग त्याने भिंतीकडे पाहिलं. ओळीने लाकडी पाय, प्रत्येकावर नीट चढवलेला एक मोजा, आणि सगळ्यांत शेवटी एक मोकळा. मुलाने विचार केला, आणि शपथेवर सांगतो, त्याच्या जागी मीही तोच केला असता. या घरात पाहुणे बूट खाली ठेवतात आणि मोजे इथे लावतात.

मी फोन ठेवून बाहेर आलो तेव्हा काका जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्यासमोर मार्टिन, नमस्काराला हात जोडलेले, आणि खाली त्याचे लांब, गोरे, उघडे पाय जानेवारीच्या थंडीत लिनोलियमच्या जमिनीवर जांभळे पडत चाललेले. शेवटच्या लाकडी पायावर गडद निळा मोजा. जोडीतला दुसरा त्याने घडी करून खिशात ठेवला होता. तेवढ्यात मेधा निऱ्या सावरत जिन्यात आली, तिने ते पाहिलं आणि जिथे होती तिथेच कठडा धरून उभी राहिली.

मला वाटलं, आता हा माणूस बोलायला लागला की फ्रान्सवर थांबणार नाही, थेट रशिया गाठणार. पण ते भिंतीजवळ गेले. वाकून मोजा पाहिला. टाचेवरून अंगठा फिरवला.

"ही टाच कोणी बसवली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी," मार्टिन म्हणाला. "चुकलं का?"

"सरळ आहे."

"मी लहान मुलांना शिकवतो ना. पी.ई.चा, म्हणजे खेळाचा तास झाला की रोज कुणाची तरी टाच वर आलेली असते. हाताला सवय झालीय."

"हं," काका म्हणाले, आणि बैठकीच्या खोलीत गेले.

चहा झाला. मार्टिन उघड्या पायांनी गॅसच्या शेगडीजवळ बसला. त्याने दोन लाडू खाल्ले आणि तिसऱ्याला 'पुरे' म्हणाला. काका हवामानावर बोलले. फ्रान्सचं नावही काढलं नाही, आणि त्याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटली. निघताना मार्टिन पॅसेजमध्ये आला आणि त्याने मोजा काढायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "भिंतीवर चढलेला मोजा आम्ही उतरवत नाही."

वर्षभर ज्याची वाट पाहिली तो पाहुणा एका पायात मोजा आणि दुसरा पाय तसाच बुटात घालून कडाक्याच्या थंडीत बसस्टॉपकडे गेला. मेधा त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली ती थेट आपल्या खोलीत. "मोजा ठेवून घेतला आणि माणूस परत पाठवला," ती दाराआडून मला म्हणाली. "हे उत्तर आहे ना? मला कळतं हे." त्या आठवड्यात काकूंनी डाळीत मीठ घातलं नाही आणि काकांनी ती मुकाट्याने खाल्ली. मेधाने कपाटावरची सुटकेस खाली काढून पलंगाखाली ठेवली.

पुढच्या रविवारी लंडनजवळच्या स्टॅनमोरहून काकांचे मावसभाऊ आले. अकाउंटंट, गाडी चकचकीत, मुलं खासगी शाळेत. गेल्या अनेक वर्षांत त्यांना लेस्टरची वाट सापडली नव्हती. पण तिळाइतकी बातमी असली तरी तिचा वास यांना हायवेवर येतो. मेधाचं काहीतरी एका इंग्रजाशी चाललंय, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि सहानुभूती घेऊन ते जातीने आले होते. ती देण्याआधी त्यांना बूट काढावे लागले. काकांनी फूटपट्टी घेतली.

मांडी झाली. गुडघा झाला. मावसभाऊ मध्ये मध्ये "हो, पण दादा, मी काय म्हणतो" करत होते आणि काका त्यांना जर्मनीतून बाहेर पडू देत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. काकू माझ्यामागे हातात उलथनं घेऊन. मेधा जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीपाशी. ती बाहेर जायला निघाली होती आणि पाहुण्यांना बघून थबकली होती. राखाडी झाले, फ्रेंच झाले, पांढरे झाले. काका शेवटच्या पायापाशी आले.

"आणि हा," ते म्हणाले, "लेस्टर. यंदाचा. शुद्ध लोकर, हाताने चढवलेला."

मावसभाऊंनी वाकून पाहिलं. हिशेबातली चूक पकडल्यासारखे ते खूश झाले. "दादा, हा तर मोठ्या माणसाचा आहे. तुझी भिंत मुलांची ना? मोठ्यांचा मोजा चालत नाही म्हणतोस."

"मुलाचाच आहे," काका म्हणाले. "आमच्या घरच्या."

मावसभाऊंनी आणलेली सहानुभूती त्यांच्या तोंडातच राहिली. मेधा होती त्या पायरीवर खाली बसली आणि पदर नसल्यामुळे तिने तोंडावर कोटाची बाही धरली. काकांनी तिच्याकडे वर पाहिलं नाही. त्यांनी फूटपट्टी मोज्यावर टेकवली होती.

काकू मला बाजूला सारून पुढे आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "म्हणजे हे हो समजायचं ना आम्ही?"

"मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले. "टाच सांगायची राहिलीय."